ऑर्डर क्रमांक पाठवा

गिऱ्हाइकाने पाठवलेला ऑर्डर क्रमांक मीराने संगणकात टाकला आणि समोर तिचंच नाव आलं. खरेदीदार मीरा राऊत. माल पोचवायचा पत्ता आत्माराम राऊत, वटार. पेजवर ‘केळीबाग ५२’ या नावाने रोज तक्रार टाकणारं गिऱ्हाईक म्हणजे तिचे बाबा होते.

मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या पेजवर कोणी तक्रार टाकली, की मीराने पाच मिनिटांत उत्तर द्यायचं. सहावं मिनिट लागलं की त्या तक्रारीची चौकट लाल होते, आणि लाल चौकटी साहेबांना दिसतात. मनवेलपाड्यातल्या फ्लॅटमध्ये बसून ती हे काम इमानेइतबारे करायची. प्रत्येक उत्तराखाली ‘मीरा’ अशी सही. स्वतःचा मोबाइल मात्र आवाज बंद करून उशीखाली. घरच्यांशी काय, रविवारी बोलता येतं. मागचे तीन रविवार तेही राहून गेलं होतं.

आणि महिनाभर रोज दुपारी, बरोब्बर तिच्याच पाळीत, या ‘केळीबाग ५२’ची तक्रार हजर. झाकण घट्ट बसतं. भांडं घसरतं. आवाज फार येतो. ऑफिसच्या ग्रुपवर तिने त्याचं नाव केळीकाका ठेवलं होतं, आणि सगळे पोट धरून हसले होते.

आई गेल्यावर बाबांना वाटण करायला सोपं जावं म्हणून तो मिक्सर तिनेच पाठवलेला. ‘आमच्या पेजवर कोणीही लिहू दे, मी पाच मिनिटांत उत्तर देते,’ हेही मोठ्या तोऱ्यात तिनेच सांगितलेलं. बाबांनी ते लक्षात ठेवलं होतं.

मीराने त्याचा आजचा मजकूर आता कुठे पुरता वाचला. ‘मिक्सर चांगला आहे. मलाच बरं नाय. सकाळपासून ताप आहे, पानी घ्यायलापन उठवत नाय.’ मघाशी तिने ‘मिक्सर’ एवढाच शब्द वाचला होता आणि तयार उत्तरांतलं चौथं दाबलं होतं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया ऑर्डर क्रमांक पाठवा. मीरा.’ त्यावर अर्ध्या तासाने हा क्रमांक आला होता.

तिने उशीखालचा मोबाइल काढला. बाबांचे सात मिस्ड कॉल. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. फोन लावला, तो बराच वेळ वाजत राहिला आणि मग उचलला गेला.

“बाबा, मी निघतेय. तुम्ही पडून राहा.”

“नंबर बरोबर आहे ना गो?” बाबांना धाप लागली होती. “मिक्सरचा खोका माळ्यावर होता. चढायला जरा वेळ लागला.”