पेट्यांचा कौल

फुलोरा असेल तिकडे मधमाश्यांच्या पेट्या नेणाऱ्या मधवाल्या काकू गाडी घ्यायला शोरूममध्ये आल्या, त्या भरलेला ट्रेलर मागे लावूनच. काकांचा जीव एव्हाना लाल गाडीच्या छतातल्या काचेवर जडला होता.

"आधी ओढून बघू, मग कौतुक," काकूंनी बजावलं.

लाल गाडीने चढ झोकात घेतला. उतारावर मात्र ब्रेक दाबला की ट्रेलर मागून ढुशी द्यायचा. खाली येताच काकूंनी पेटीला कान लावला. आत नुसता कल्लोळ माजला होता!

माश्या निवल्यावर काकूंनी ट्रेलर शेजारच्या मातकट, ठोकळ्यासारख्या गाडीला जोडला. तोच चढ, तोच उतार, तेच खड्डे. पुन्हा कान लावला, तर आत संथ गुणगुण.

"हीच घ्यायची."

"अगं, पण हिच्या छताला काच कुठाय?" काका कळवळले.

"नसू दे. आकाशच बघायचं असेल तर मागे ट्रेलरमध्ये बसा," काकू किल्ली मागत म्हणाल्या. "तिथे छतच नाही."