डबल बेल

दोन सीटांची गाडी कोण घेतं, सांगा बरं. ज्याला घरदार न्हाय त्यानं घ्यावी. आमच्या उदयसिंहानं घेतली. पुण्यातल्या कुण्या हौशी माणसाची जुनी स्पोर्ट्स कार, लालभडक, दोनच दारं, आन मागं सीटच्या जागी नुसती पिशवी ठेवायची फट. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यावानी. आदी पाय, मंग कंबर, मंग देवाचं नाव. सोलापुरातला प्रत्येक गतिरोधक तिच्या पोटाला लागतो. तरीबी मी तिच्यात बसायचो, आन लई खुशीत बसायचो, हे आदीच सांगून टाकतो.

मी आबासाहेब. एस.टी.त कंडक्टर व्हतो. मूळ गाव माळशिरस तालुक्यातलं, पण जन्म गेला सोलापूरच्या गाड्यांत उभा राहून. उदय माझा एकुलता एक. सोलरचे पंप विकतो, गावोगाव फिरतो. गाडी घेतली तवा त्यानंच म्हणलं, "आबा, तुम्हाला सगळे रस्ते पाठ आहेत, चला की बरोबर." तवापासनं त्या दुसऱ्या सीटवर मी. बार्शी म्हणा, मंगळवेढा म्हणा, कुटंबी जायचं असलं की आबा टोपी घालून तयार. गुरुवारी तर अक्कलकोट ठरलेलंच. त्याचं तितं काम असायचं, माझं स्वामींचं दर्शन व्हायचं.

आन खरं सांगू का, रस्ता दाखवायचं नुसतं निमित्त. माझी मंडळी, शिवबाई, गेल्यापासनं घरात माझ्याशी कोण बोलायचं न्हाय. भांडण न्हाय, तंटा न्हाय, चहा वेळेवर, जेवण वेळेवर, पण बोलणं न्हाय. उदय घरी आला की मोबाईल घेऊन वरच्या मजल्यावर. गाडीत मात्र बोलायचा. धंद्याचं बोलायचा, शाळेतलं बोलायचा. एकदा तर आईची आठवण निघाली आन गाडी कडंला घेऊन रडला बी. मी गप त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. ते समदं त्या सीटवर बसून मिळालं मला, दुसरीकडं कुटंच मिळालं न्हाय.

आमची एक रीत व्हती. एस.टी.त कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. डबल बेल झाल्याबिगर डायव्हर गाडी हलवत न्हाय, मंग वाट बगणारा साहेब असो न्हायतर मंत्री. उदय लहान असताना आईनं दिलेला डबा घेऊन स्टँडवर यायचा, तवा मी त्याला उचलून दोरी ओढू द्यायचो. ह्या लाल गाडीत दोरी कुटली? मी आपला सीटवर बसलो की मदल्या जुन्या रेडिओवर बोटाच्या पेरानं ठोकायचो. टक टक. चाळिशीचा बाप्या, पण टक टक ऐकल्याबिगर गिअर टाकायचा न्हाय.

मंग ते मंगळवेढ्याकडचं झालं. एका बड्या बागायतदाराला पंप दाखवायचा व्हता. मी म्हणलं, ह्या आतल्या रस्त्यानं चल, पटकन निघतो. माझ्या डोक्यात तो रस्ता व्हता तसाच व्हता. जाऊन बगतो तर पूल पाडून ठेवलेला, समोर नुसती खडी. गाडी वळवताना खालनं दगड लागला, असला आवाज आला की माझंच पोट फाटल्यावानी झालं. मागं फिरून, हमरस्ता धरून पोचेस्तोवर त्या गड्यानं दुसऱ्याचा पंप ठरवला व्हता. परतीच्या वाटेवर उदय एक अक्षर बोलला न्हाय. शिवी तरी द्यायची. बापाला देता येत न्हाय म्हणून गप बसला, आन ते गप बसणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

पुडच्या आठवड्यात जेवताना म्हणाला, "गाडीत नवीन स्क्रीन बसवतोय. गाणी, कॅमेरा, नकाशा, सगळं येतं त्यात."

"आहे तो रेडिओ वाजतोय की," मी म्हणलं.

"नकाशा लागतो आबा हल्ली."

सूनबाई, अपेक्षा, भाकरी वाढत व्हती. तिनं मान वर केली न्हाय. मला काय कळत न्हाय असं न्हाय. एवडी माणसं चढवली-उतरवली, कुणाला उतरायचंय ते तोंडावरनं वळखायचो मी. पण स्वतःच्या बाबतीत माणूस येड पांघरतो. म्हणलं असू दे, नकाशा असला म्हणून काय झालं, शेजारी माणूस लागतोच की.

गुरुवारी सकाळी उदयनं विचारलं, "सात रस्ता चौकात स्क्रीन बसवायला चाललोय, येताय का?"

"तितनंच अक्कलकोटला जायचं का?"

"बघू," म्हणाला.

बघू. त्या बघूवर मी इस्त्रीचा सदरा घातला, धुतलेली टोपी काढली, पाण्याची बाटली भरून घेतली.

सात रस्त्याच्या अलीकडं गल्लीत मल्लिकार्जुनचं दुकान हाय, गाड्यांचे टेप, सीट कव्हर, असलं समदं. माणूस सरळ, कामाला लागला की बोलत न्हाय. त्यानं आदी बॅटरीची वायर सोडली, मंग प्लास्टिकची पट्टी घालून रेडिओच्या भोवतीची चौकट अलगद उचकटली. मी स्टुलावर बसून बगत व्हतो. माझा टक टक करायचा रेडिओ वायरी लोंबकळत बाहेर आला. त्याच्या मागच्या खोबणीत हात घालून मल्लिकार्जुननं काय काढलं असंल? सुपारीची खांडं. माझीच. गाडीत बसून आडकित्त्यानं कातरताना फटीतनं आत गेलेली.

"मालक, हे आतल्या फॅनमध्ये अडकलं असतं तर खर्चात पडला असता," मल्लिकार्जुन हसून म्हणाला.

उदय हसला न्हाय. माझ्याकडं बगितलं बी न्हाय. ती खांडं त्यानं तळहातावर घेतली आन गटारात टाकली.

जुन्या वायरी तोडायच्या न्हाईत, गाडीच्या वायरींच्या टोकाचा कपलर आन स्क्रीनचा कपलर जुळवायचा, मदी एक जोडवायर घालायची, असं मल्लिकार्जुनचं काम. छपरावर एक बारकी डबी चिकटवली, ती म्हणं आभाळातनं रस्ता इचारती. दारांतले जुने स्पीकर काढून नवे घातले. मंग मदल्या भोकात तो काळा काचेचा तुकडा बसला, चांगला पाटीएवडा. बॅटरी जोडल्यावर उजळला. मल्लिकार्जुननं विचारलं, "आवाज कुठला ठेवू? मराठी पण आहे." उदय म्हणाला ठेवा.

एक बाई बोलाय लागली. शुद्ध, गोड, शाळेतल्या मॅडमवानी.

मला राहावंना. मी म्हणलं, "आमच्या गावाचं नाव घाला की त्यात." माझ्या मनात काय व्हतं ते सांगतो. मनात व्हतं की नापास हू दे. आमचं गाव म्हणजे माळशिरसच्या पुडं उसाच्या फडातनं आत जायचं, तितं वाट इचारत गेलेली माणसं चुकत्यात, हे यंत्र काय सांगणार? मल्लिकार्जुननं नाव घातलं. निळी रेघ सरळ गेली, फाट्याला वळली, कॅनॉलवरनं गेली आन आमच्या मारुतीच्या देवळापाशी जाऊन थांबली. मंगळवेढ्याचा तो पाडलेला पूल बी त्यात व्हता, लाल फुली मारून. बाई बरोबर व्हती. चूक निघाली असती तर चार दिवस मिरवलं असतं मी, पण बाईची चूक निघाली न्हाय.

"मालक, मोबाईल द्या, जोडून देतो," मल्लिकार्जुन म्हणाला. त्यानं उदयचा मोबाईल स्क्रीनला जोडला. काचेवर नावं आली, कुणाकुणाला फोन केले त्यांची. सगळ्यात वर अपेक्षा. "झालं बगा. एक चक्कर मारून या, आवाज कमी-जास्त वाटला तर सांगा."

उदय बसला. मी बी माझ्या बाजूनं उतरलो विहिरीत. बाटली पायापाशी ठेवली, टोपी नीट केली. समदं विसरलो म्हणा ना. सीटवर बूड टेकलं की माझं मन असंच व्हायचं, गार. आन हात आपोआप गेला. पेरानं दोनदा ठोकलं, जितं रोज ठोकायचो तितं.

टक टक वाजलं न्हाय. काच व्हती ती, आन बोट पडलं नेमकं सगळ्यात वरच्या नावावर. फोनची रिंग वाजाय लागली, नव्या स्पीकरांतनं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवडी. उदय बंद करायला वाकला, पण कुटं दाबायचं ते त्याला कळंना, नवीनच की. तवर अपेक्षानं उचलला.

"अहो, बसवला का?" अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज माझ्या दोन्ही कानांपाशी व्हता. "मी तयार होऊन बसलेय. आबांना रिक्षात बसवून द्या आणि मला घ्यायला या, उशीर करू नका."

"अगं, नंतर..." उदय म्हणाला.

"नंतर काय? आज तरी नंतर नको. गाडी घेतल्यापासून मी त्या सीटवर एकदा तरी बसलेय का? तुम्हीच म्हणालात, एकदा नकाशा बसला की आबांना सांभाळत फिरायला नको. तुम्हीच म्हणालात ना?"

उदयनं चावीच काढली. काच काळी झाली. मल्लिकार्जुन खाली बसून वायरींचे तुकडे गोळा कराय लागला. वायरी त्यानं आदीच गोळा केल्या व्हत्या.

"आबा, तसं नाही ते," उदय म्हणाला.

"मंग कसं?"

तो चावी बोटात फिरवत बसला. माझ्या अंगाची आग झाली. म्हणलं, "अपेक्षाचं काय चुकलं न्हाय. लग्नाची बायको हाय ती, तिची सीट मी अडवून बसलो. तिनं मागितली ते बरोबर मागितली. पण तू? 'आबा, उद्यापासनं घरी थांबा,' एवडं बोलायला तुझी जीब झडली व्हती? म्हातारा भांडला असता, रुसला असता, चार दिवस जेवला नसता. पण तुझ्या तोंडनं ऐकलं असतं. बापाला सांगायला तुला यंत्र लागलं व्हय रे? आन आज मला हितं आणलास कशाला? बगायला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच की आता."

मी दार उघडलं. त्या गाडीतनं चढणं म्हणजे उतरण्यापेक्षा अवघड. गुडघा वळंना, हाताला धरायला काय घावंना. नेहमी उदय फिरून यायचा आन हात द्यायचा. आज तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. मल्लिकार्जुन आला, त्यानं काखेत हात घालून मला वर घेतलं. "काका, चहा सांगू का," म्हणाला. बिचारा. मी नको म्हणलं.

"रिक्षा करून देतो आबा," उदय आतनं म्हणाला.

"मला गाड्या माहिती हायेत," मी म्हणलं. "मी माझा जातो."

दार लावलं. वाटलं, आता उतरंल. रागानं का होईना, उतरून दंडाला धरंल, म्हणंल बसा आत, उगं तमाशा नको. नुसतं दंडाला धरलं असतं ना, मी बसलो असतो, लाज सोडून बसलो असतो, आन अपेक्षाला घरनं घ्यायच्या आदी स्वतःच उतरलो असतो. तो उतरला न्हाय. चावी लावली, काच उजळली, बाई बोलाय लागली. तरी गाडी हलंना. पुडं बगत बसून राहिला, हात गिअरवर.

मंग माझ्या ध्यानात आलं, का थांबलाय ते. सवय. दुसरं काय न्हाय.

मी छपरावर, त्या आभाळाला रस्ता इचारणाऱ्या डबीच्या शेजारी, पेरानं दोनदा ठोकलं. टक टक. मला वाटलं व्हतं, आजचा दिवस तरी डायव्हर ऐकणार न्हाय.

ऐकलं. लगेच ऐकलं.