पडल्याचा अर्धा गुण

त्या दिवसांत लालबागमधला प्रत्येक माणूस कशाचा ना कशाचा प्रतिनिधी होता. दिल्लीने द्वैभाषिक राज्य मुंबईच्या गळ्यात मारलं होतं, त्यामुळे कुणी संयुक्त महाराष्ट्र समितीचा प्रतिनिधी, कुणी मोर्चाचा, आणि ज्याला काहीच मिळालं नाही तो निदान आपल्या माळ्याचा. जयवंत मात्र आडकोंडचा प्रतिनिधी झाला, आणि तोही चाकांच्या बुटांवर.

आडकोंड हे विजयदुर्गच्या खाडीवरचं त्याच्या वाडवडिलांचं गाव. जयवंतने ते पाहिलेलं नव्हतं. त्याचा बाप सीताराम, गिरणीतला साचेवाला, पोराला कधी गावी नेतच नसे. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नसे. आणि बोलत नसत म्हणून सगळ्यांच्या ते चांगलं लक्षात होतं. जयवंत पाळण्यात असताना एका शिमग्याला देवाची पालखी नाचवताना सीतारामचा पाय घसरला आणि पालखी जमिनीला टेकली. गावाने त्याच्या घराण्याचा खांदा काढून घेतला. खांदा म्हणजे पालखीला खांदा द्यायचा मान. तो गेला की माणूस गावात उरतो, पण गावकरी उरत नाही. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळातही सीताराम वर्गणी वेळेवर द्यायचा आणि चपलांशेजारी बसायचा.

अशा घरात चाकांवर उभा राहणारा मुलगा निपजावा, याला नशिबाची थट्टा म्हणतात. जयवंत माझगावला फिटर होता. धोबीतलावाजवळच्या एका क्लबात दुसऱ्या मजल्यावर स्केटिंगचा हॉल होता. तिथल्या बुटांची चाकं जाम झाली की मिनूशेट नावाचे पारशी मॅनेजर त्याला बोलावत. चाक नीट झालं की नाही हे चालवून बघावं लागतं. जयवंत चालवून बघता बघता उलटा चालायला लागला, मग एका पायावर, मग गिरक्या घ्यायला लागला. शेवटी क्लबातल्या मडमा आपलं सोडून त्याचं चाक दुरुस्त होताना बघू लागल्या.

स्केटिंगची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा मिनूशेटनी डोकं खाजवलं. "डिकरा, तू तर नोकर माणस, मेंबर नाय. क्लबच्या नावाने तुला उतरवता येत नाय. तुमचा कायतरी मंडळ असेलनी? लालबागमधे तर माणसापेक्षा मंडळ जास्ती!"

मंडळ होतं. रविवारी मंडळाच्या खोलीत, ट्रंकांच्या उतरंडीखाली, सभा भरली. अध्यक्ष नाना समितीच्या सगळ्या सभांना पहिल्या रांगेत असत, त्यामुळे त्यांचा आवाज कायमचा बसलेला होता.

"मंडळान आजवर भजनाचो मेळ पाठवल्यान," नाना म्हणाले, "आट्यापाट्यांचो संघ पाठवल्यान. चाकावरचो माणूस कधी पाठवक नाय."

"बापाशीन देव खाली टेकवल्यान, आणि ह्यो पायाक चाकां लावन येता!" हे भिवा. भिवा पालखीच्या पुढच्या दांड्याचा मानकरी. "घसरूची हौस रक्तातच आसा ह्यांच्या."

चपलांशेजारी सीताराम खाली बघत बसला. जयवंत उभा राहिला.

"भिवाकाका, बघायला या," तो म्हणाला. "नाही पडलो, तर बाबांचा खांदा परत द्या."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. खांद्याचा प्रश्न माणसांनी सोडवायचा नसतो, तो देवाला विचारायचा असतो. मार्गशीर्षातल्या जत्रेला भिवा गावी गेला तेव्हा गुरवाने देवाला पाकळ्या लावून कौल घेतला. पाकळी उजवी पडली, म्हणजे होकार. देव फक्त उजवं-डावं सांगतो. अटी गावकरी घालतात. त्यामुळे मुंबईला येईपर्यंत देवाचं म्हणणं बरंच वाढलं होतं: पोराने गावाचं नाव घेऊन जावं, न पडता आला तर बापाला खांदा परत, पडला तर पुन्हा त्या घरात कुणी खांद्याचं नाव काढायचं नाही.

"आणि नंबर?" जयवंतने विचारलं.

"नंबराचा देवान काय सांगूक नाय," भिवा म्हणाला.

आता मंडळ सरावालाही येऊ लागलं. स्पर्धेत आधी जमिनीवर चाकाने आठाचा आकडा गिरवावा लागतो, पुन्हा पुन्हा, त्याच रेघेवरून. नानांनी थोडा वेळ ते पाहिलं आणि जयवंतला बाजूला घेतलं.

"आकडो इंग्रजी काढतस तू."

"आकडा तोच असतो, नाना."

"मंडळाच्या नावान इंग्रजी आठ नको. लोक हुतात्मे झाले. मराठी काढ."

"मराठी आठ मिटत नाही, नाना. तो जातो तो जातोच. इथं निघालो तिथं परत यावं लागतं."

नानांनी बराच विचार केला. तत्त्व मोठं होतं, पण हॉल पारशाचा होता. "बरा," ते म्हणाले, "तू दोन पूज्यां एकमेकांक चिकटवलस, असा मी समजतंय."

प्रश्न उरला उडीचा. संगीतावर जो नाच करायचा त्यात जयवंतची एक उडी होती: उलटं येत हवेत उठायचं, आख्खी गिरकी घ्यायची आणि एका पायावर उतरायचं. ती साधली तर स्पर्धेत त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. पण ती चारदा साधायची आणि पाचव्यांदा त्याला जमिनीवर बसवायची. गाळली तर पडायचा सवालच नव्हता. त्याने गाळायचं ठरवलं. मिनूशेटना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, भजियामधून कांदा काढतो नी काय!"

स्पर्धेच्या दिवशी आडकोंडकर दुपारपासून हॉलात हजर होते. मंडळाचा फलक दोघांनी धरला होता. पायपुसण्यावर नारळ फोडायला गेलेल्या भिवाला दरवानाने हात जोडून बाहेर काढलं, तेव्हा त्याने तो फुटपाथवर वाढवला. सीताराम मागच्या भिंतीशी उभा होता. जयवंत बुटांच्या नाड्या बांधत होता, तेव्हा बाप जवळ येऊन उकिडवा बसला.

"उडी काढलीस म्हणे."

"तुमच्या खांद्यासाठी, बाबा."

सीतारामने त्याची एक नाडी ओढून पाहिली. साच्यावरचा धागा बघावा तशी. "त्या दिवशी मी जरा सांभाळून नाचलो असतो ना," तो हळूच म्हणाला, "तर पडलो नसतो. पण मग त्याला नाचणं कोण म्हणेल? देव खांद्यावर असताना जपून पाय टाकायचे, तर पालखी हातगाडीवरून न्यावी." आणि उठता उठता, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं: "मार उडी."

एवढं बोलणं बापलेकात वर्षभरात झालं नव्हतं.

निवेदकाने इंग्रजीत पुकारलं की आता आडकोंडचा प्रतिनिधी. आधीचे सगळे जिमखान्यांचे होते. पुढच्या रांगेतल्या दोन मडमांचं आपापसात ठरलं की हा देश बाल्कनच्या बाजूला कुठेतरी असावा, आणि गडी दिसतो गरीब पण राजघराण्यातला. मागून नानांचा बसलेला आवाज उठला, "आडकोंडसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि फलकाखालून उत्तर आलं, "झालाच पाहिजे!" मडमांनी अदबीने टाळ्या वाजवल्या. त्यांना ते राष्ट्रगीत वाटलं.

तबकडी लागली. जयवंत निघाला. आठ आधीच नीट मिटवून झाले होते, आता गिरक्याही वाटोळ्या आल्या. भिवाच्या मांडीवरचा हात नकळत ढोलावर पडावा तसा पडू लागला. मग जयवंत उलटा वळला. समोर मागच्या भिंतीशी बाप दिसला, तोही क्षणभरच. त्याने गुडघा वाकवला आणि उडी मारली.

उडी झकास झाली. उतरणं राहून गेलं. जयवंत पाठीवर आपटला आणि घसरत घसरत थेट परीक्षकांच्या टेबलाखाली जाऊन थांबला.

आडकोंडचा फलक आपोआप खाली आला. भिवाने डोळे मिटले. समाधानाने की दुःखाने, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. जयवंत टेबलाखाली पडल्या पडल्या खांद्याचाच हिशेब करत होता, आणि तो चुकता झालेला होता. आता उठण्यात काहीच फायदा नव्हता. पण तबकडी वाजत होती. तो उठला, एका परीक्षकाच्या गुडघ्याचा आधार घेऊन, आणि उरलेला नाच त्याने पुरा केला. शेवटी तर पुन्हा उडी मारली आणि एका पायावर उतरला. सगळा हॉल उभा राहिला. आडकोंडकर बसलेले राहिले, कारण पडलेल्या माणसासाठी उभं राहायची त्यांच्यात रीत नव्हती.

निकाल लागला. जयवंत दुसरा आला होता.

भिवा उठून ताडताड परीक्षकांच्या टेबलापाशी गेला आणि मिनूशेटना मध्ये घातलं. "ह्यांका विचारा, ह्यो पडलो ता दिसूक नाय काय ह्यांका? टेबलाखालीच गेलो ना!"

मिनूशेटनी विचारलं आणि परत आले. "दिसला ने. अर्धा मार्क कापला."

"अर्धो?" भिवाचा आ वासला. "पडलो आख्खो आणि कापल्यानी अर्धो?"

"अरे, उठून पुरा केला नी? ते लोक बोलते, कठीण काम करेल तो पडेल. उठला नसता तर झीरो दिला असता."

भिवाने हे मंडळाला येऊन सांगितलं. सांगताना तो चिडलेला होता. ऐकणारे मात्र एकेक करून सीतारामकडे बघू लागले. नाना काठीने फरशीवर रेघ ओढत राहिले.

"भिवा," ते शेवटी म्हणाले, "सीताराम तेव्हा उठलो होतो रे?"

भिवा खाली पडलेला फलक उचलायला वाकला.

"उठलो होतो," नाना म्हणाले. "लगेच उठलो. परत खांदो देऊक इलो, तर तू त्याका ढकललंस. मी मागच्या दांड्याक होतंय."

सभा क्लबाच्या जिन्यातच भरली. कौलाचं काय, हा प्रश्न निघाला. देवाने तर फक्त उजवं सांगितलं होतं, बाकीचं भिवाने घातलं होतं, हे भिवाच्याच तोंडून आलं. त्यानंतर त्याने नाक शिंकरलं. मंडळाने अखेर न्याय केला. न्याय म्हटला की काहीतरी कापावंच लागतं, म्हणून सीतारामला खांदा अर्धा द्यायचा ठरला: येत्या शिमग्याला पालखी निघाली की अर्धी वाट त्याची, अर्धी दुसऱ्याची.

"देवळापासून चढाचा वाटो तुझो," नाना म्हणाले. "मंजूर?"

सीताराम सगळ्यात खालच्या पायरीवर होता. त्याने पोराकडे पाहिलं. जयवंत एका हाताने कंबर चोळत होता, दुसऱ्या हातात चांदीचा कप होता.

"चढ दुसऱ्या कुणाला द्या," सीताराम म्हणाला. "मला उतार पाहिजे."

"अरे, उतारावरच पडलंस ना तू!" भिवा ओरडला.

"म्हणूनच."

 नानांनी मान डोलावली आणि ठराव मंजूर केला.

"मग माका मागचो दांडो द्या," भिवा म्हणाला. "ह्यो घसरलो तर पुढे माका उभो रवाचा नाय."