अर्धशिशीतला कागद

"श्वास रोखू नका आजोबा, नेहमीसारखा घ्या," ताई म्हणाल्या आणि त्यांचाच श्वास अडला. छातीत काहीतरी निसटल्यासारखं झालं. उजवा डोळा सकाळपासून ठणकत होता. आता खिडकीतला उजेडही टोचू लागला.

रुग्णालयाच्या ईसीजी खोलीत ताईंना एकोणीस वर्षं झाली होती. अर्धशिशी त्याहून जुनी. पण गेल्या वर्षापासून डोकं उठलं की छातीतले ठोकेही बिघडायचे. मध्येच अडायचे, मग धावत सुटायचे. तीनदा त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. तिन्ही वेळा तपासणी झाली ती दुखणं ओसरल्यावर, आणि तिन्ही वेळा कागद स्वच्छ निघाला.

"टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. नवरा म्हणाला, "दुखतं डोकं, त्यात छातीचा काय संबंध? तुझं आपलं काहीतरीच." ऐन दुखण्यात दाखवायला जावं, तर बाहेर वीस जणांची रांग आणि ईसीजी काढणाऱ्या त्या एकट्या.

आजोबा शर्टाची बटणं लावत बाहेर गेले. ताईंनी दाराला आतून कडी घातली.

"अहो ताई, लोक खोळंबलेत," फरशी पुसणाऱ्या मावशी दचकल्या.

"खोळंबू देत. मी आडवी होते. सांगते तशा तारा लावा."

"मला नाही हो जमायचं. मशीन बिघडलं म्हणजे?"

"मी बिघडलेय, त्याचं कुणाला काही आहे का? लाल उजव्या हाताला. पिवळी डाव्या."

छातीवरच्या वाट्या ताईंनी स्वतःच चिकटवल्या. बाहेर दार बडवलं जात होतं. मावशींनी जीव मुठीत धरून बटण दाबलं.

ताईंनी एक डोळा किलकिला करून कागद पाहिला. ठोके मंद. एका जागी ठोकाच गळलेला, नुसती सरळ रेघ. भीतीपेक्षा त्यांना रागच आला. वर्षभर त्या हेच तर सांगत होत्या!

तोल सावरत त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि कागद टेबलावर ठेवला. कागदावर नाव नव्हतं.

"कुणाचा हा?" डॉक्टर ताठ बसले. "पेशंटला काय होतंय?"

"अर्धशिशी. चालू असतानाच काढलाय."

"बरं केलंत. अशा झटक्यात हृदयातला करंट बिघडू शकतो कधीकधी. नंतर काढला तर सापडत नाही. ताबडतोब मॉनिटरवर घ्या त्यांना. आहेत कुठे?"

"तुमच्यासमोर."

डॉक्टरांनी मान वर केली. "अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"तीनदा सांगितलं."

डॉक्टरांनी उठून स्वतःची खुर्ची पुढे केली.

वॉर्डात नर्सनं घाईघाईत ताईंच्या छातीवर मॉनिटरच्या चकत्या चिकटवल्या. एक चकती बरगडीभर खाली लागली. डोळे मिटलेलेच ठेवून ताईंनी ती सोलून काढली, बोटांनी बरगड्या मोजल्या, आणि नेमक्या जागी दाबून बसवली.