काच शाबूत

गुरुप्रसादने अख्ख्या नोकरीत एक अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता, आणि विषय निघो न निघो, तो बोलून दाखवायचाच.

रत्नागिरीत जांभ्याचा डोंगर कापून खात्याने कर्मचाऱ्यांसाठी इमारत बांधली आणि लोक राहायला येण्याआधीच मागच्या भिंतीला तडा गेला. तडा वाढतोय का हे कळायला त्यावर आडवी काचपट्टी चिकटवतात. भिंत हलली की काच फुटते, इतकं साधं. हे काम शाखा अभियंता म्हणून गुरुप्रसादकडे आलं. तपासणीला जावं तर काच फुटलेली. पोरांचा चेंडू लागला असेल, असं म्हणत तो बॅगेतली नवी पट्टी लावायचा आणि मग अहवालात लिहायचा, 'काच शाबूत'. लिहिताना ती शाबूतच असायची. रिकाम्या इमारतीत पोरं आली कुठून, हे कुणी विचारलं नाही.

इमारत सुरक्षित ठरली. खातं मोठं गुणग्राहक, पहिला फ्लॅट गुरुप्रसादलाच मिळाला. त्याची बायको शमिका इतकी हरखली, की तिने भाड्याची जागा सोडूनही टाकली. तडा आतल्या खोलीत उतरला होता आणि त्याच भिंतीला लागून तिने लेकीचा पलंग टाकला. 

ते पाहिल्यावर गुरुप्रसाद साहेबांकडे गेला आणि बदललेल्या काचांसकट सगळं सांगून मोकळा झाला.

"तुला दुसरा फ्लॅट हवा असेल तर तसं सांग," साहेब शांतपणे म्हणाले. "त्यापायी स्वतःचे अहवाल खोटे पाडू नको. त्यांच्यावर माझी सही आहे."

तेव्हा मात्र त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने खोलीत नवी काच लावली. आता ही फुटली, की फुटलेली तशीच उचलून मुंबईच्या कचेरीत नेऊन टाकायची, नोकरी गेली तरी बेहत्तर. रोज घरी आला की आधी तो काच पाही. काच शाबूत. पावसाळा सरत आला तरी शाबूत. हळूहळू त्याला झोप लागू लागली, आणि मागच्या काचा चेंडूनेच फुटल्या असतील, असं मनापासून वाटू लागलं.

गणपतीला मेहुणा आला. त्याने भिंतीवरच्या काचेबद्दल विचारलं. माणूस खोटं बोलेल पण ही काच बोलायची नाही, असं गुरुप्रसादने त्याला कौतुकाने समजावलं.

"सारखी फुटते मेली," शमिका चहा देत म्हणाली. "घरात फुटकी काच बरी नाही, म्हणून मीच बदलते. यांच्या बॅगेत ढीगभर आहेत."

गुरुप्रसादने कप खाली ठेवला, आत गेला आणि लेकीचा पलंग भिंतीपासून ओढू लागला.