घंटेची दोरी

डुकरांना खोबरे टाकून झाले, चहाचे आधण चढले, आणि पिसिला नेहमीप्रमाणे शिवणयंत्राशी बोलू लागली. शनिवारची सकाळ तिची अशीच उजाडे. आठवडाभर ते यंत्र शाळेच्या पोरांचे गणवेश शिवत असे. शनिवारी त्याने फक्त ऐकायचे. पावाला लोणी लावताना, केसांना तेल चोपडताना, कमरेला विणलेल्या पट्ट्यांचा कीएकीए बांधताना ती त्या दिवशी रेडिओवर बोलायचे ते सारे एकदा मोठ्याने म्हणून पाही. कीएकीए न बांधता चारचौघांत जाणे म्हणजे उघडे जाणे, अशा पिढीतली ती होती. रेडिओवर आपल्याला कोणी पाहत नाही, हे तिला कळत होते. तरी बांधल्यावाचून आवाज नीट लागत नसे.

आज तिचा राग एका गाण्यावर होता.

“पाहिलंत ना ते?” तिने यंत्राला विचारले. “गाणं लग्नाचं. नाचतायत आपल्याच पोरी, आपल्याच किनाऱ्यावर. आणि कमरेला काय? फाटकी, ढगळी, गुडघ्याखाली लोंबणारी चटई! अहो, ती सुतकाची चटई. ती नेसून आपण मयताच्या दारात बसतो. दिग्दर्शकाला म्हणे ती जुनी आणि खरी वाटली. नवरीपुढे सुतक नाचवलं, आणि लाखभर लोकांनी अंगठे वर केले!”

इथे थांबायचे, तिने मनाशी ठरवले. लोकांना हसायला जागा ठेवायची. मग खेळांकडे वळायचे. भाचीने ऑकलंडला जाताना मागे ठेवलेला, टीव्हीला जोडायचा खेळांचा डबा पिसिलाने हौसेने चालू केला होता, आणि तिचे अंगठे आता पंचविशीतल्या पोरांना हार जात नसत. पण नव्या खेळातले एक बेट तिला झोपू देत नव्हते. माडांच्या झावळ्यांची घरे, अंगणात डुकरे, आणि गोळी लागली की गावकरी विरघळून नाहीसे होत. “मेला की संपला,” ती यंत्राला म्हणाली. “पुरायला नको, चटया नकोत, मयताच्या उशाशी बसायला आत्या नको. ज्यानं हे बनवलं त्याच्या घरात कधी कुणी मेलंच नसेल का?”

एवढे बोलून तिने चहा संपवला आणि पिशवीत हात घालून आतली चकती चाचपली. ती होती. काल टपालाने आली होती, ऑकलंडच्या एका जुने चित्रपट जमवणाऱ्या म्हाताऱ्याकडून. कित्येक वर्षे ती त्या चकतीवरच्या चित्रपटाच्या मागावर होती.

तिचा धाकटा भाऊ केलेपी याने तो चित्रपट ऐकला होता, पाहिला नव्हता.

बहीणभावाने एका खोलीत बसून चित्रपट पाहायचा नाही, हा टोंगातला नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, आणि म्हणूनच तो मोडता येत नाही. पडद्यावर केव्हा कोण कोणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नसतो. बहिणीदेखत ते पाहण्यापेक्षा भावाने उठून जावे. बहिणीचा मान मोठा, म्हणून खोली बहिणीची. त्यांच्या लहानपणी भाड्याची कॅसेट घरी आली की अर्धा गाव आत दाटे, आणि केलेपी बाहेर भिंतीला पाठ लावून फणसासारख्या फळांच्या त्या मेई झाडाखाली बसे. तलवारी, घोडे, पाऊस, हुंदके, सारे तो भिंतीतून ऐके. मग आईला विचारे, “संगीत थांबलं तेव्हा काय झालं?” बहिणीला थेट विचारणेही बरे दिसत नसे. आई चटई विणता विणता काहीबाही सांगे.

त्या एका चित्रपटाच्या शेवटी नायकाला घंटाघरात फासावर उभे केलेले असते. एक गोळी सुटते, प्रचंड आवाज होतो, संगीत थांबते आणि मग फक्त समुद्र ऐकू येतो. “मेला का गं?” केलेपीने विचारले होते. विणकामातून मान वर न करता आई म्हणाली, “मेला रे बिचारा.”

नायक मेला नव्हता. नायिकेने घंटेच्या दोरीवर गोळी झाडली होती. घंटा कोसळली, पहारेकरी पांगले आणि दोघे होडीत बसून गेली. पण केलेपीने त्या पोरवयात नायकासाठी दोन दिवस अन्न सोडले होते, आणि पुढे संसारी माणूस होईपर्यंत त्याला मेलेलाच धरून चालला होता. हे पिसिलाला कळले ते आई गेल्यानंतर, भावजयीच्या तोंडून. आता प्रश्न पोचवणारे कोणी उरले नव्हते. त्याच वर्षी तिने रेडिओकेंद्रात जाऊन अर्धा तास मागून घेतला. पहिल्याच शनिवारी तिने तो चित्रपट अथपासून इतिपर्यंत सांगितला, आणि शेवटी म्हणाली, “माझ्या ओळखीच्या एका माणसाला वाटतं, तो मेला. त्याला सांगा, दोरी तुटली. माणूस नाही.” तो माणूस कोण, हे साऱ्या नुकुआलोफा शहराला ठाऊक होते. केलेपी तेव्हा आपल्या कार्यशाळेत होडीचे इंजिन खोलून बसला होता. त्याने हातातला पाना खाली ठेवला, एवढेच भावजय लाविनियाने नंतर सांगितले.

तेव्हापासून प्रत्येक शनिवारी ती चित्रपट सांगत आली होती. ऐकणारे पुष्कळ होते. सांगत होती ती एकालाच.

केंद्रावर पोचताच तिला तो कोच दिसला. लाल, नवा, दोघांपुरता. समोर तिकाटण्यावर कॅमेरा.

“आंटी! बसून बघा ना,” सोसाया म्हणाला. केंद्राचा हा नवा व्यवस्थापक सिडनीत वाढलेला. टोंगन बोलताना त्याचा एक पाय नेहमी दाराबाहेर असे. “मऊ आहे की नाही?”

“कोणासाठी?”

“तुमच्यासाठी. पुढच्या शनिवारपासून. आता नुसतं ऐकायला कुणाला वेळ आहे, आंटी? लोकांना चेहरे लागतात. दोन माणसं बसतात, सिनेमा बघतात, आपण त्यांचे चेहरे टिपायचे. जगभर चालतं हे.”

“दुसरं माणूस कोण?”

सोसाया हसला. “केलेपी अंकल.”

पिसिलाला प्रथम वाटले, आपण चुकीचे ऐकले. तो मात्र रंगात आला होता. “तो घंटेचाच सिनेमा! मिळालाय ना तुम्हाला? टपालकचेरीतली पोरगी सांगत होती. विचार करा, अंकल तो पहिल्यांदा बघतायत, शेजारी तुम्ही. मधे तो चुंबनाचा सीन येतो. अंकल कासावीस, तुम्ही कीएकीएत तोंड लपवताय, दोघं दोन बाजूंना पळताय. सिडनीतली आपली सगळी पोरं हसून हसून मरतील. आणि शेवटी घंटा पडली की रडतील. हसू आणि रडू, दोन्ही! आणखी काय पाहिजे?”

“तुझी सख्खी बहीण आहे ना रे एक?”

“आहे की.”

“तिच्या शेजारी बसून बघतोस?”

त्याचे हसू थोडे सैल झाले. “तिकडे चालतं, आंटी. नाहीतरी गंमतच आहे ती. आम्ही सगळे त्यावर विनोद करतो.”

“करा. तुमचा आहे तो विनोद. आमचं घर आहे ते.”

“अंकल तर हो म्हणालेत,” तो म्हणाला.

हे तिला लागले. लाल दिवा लागला आणि ती ध्वनिक्षेपकापुढे बसली. सुतकाच्या चटईचे बोलली, विरघळणाऱ्या गावाचे बोलली. पण हसायला जागा ठेवायची ती विसरली. “आपल्याला काय, कोणी पाहिलं की आनंद,” तिने स्वतःला म्हणताना ऐकले. यंत्राला हे तिने सांगितले नव्हते. “पडद्यावर आपला माड दिसला तरी टाळ्या वाजवतो आपण. माडाखाली आपल्यालाच मारलेलं असतं, तरी वाजवतो. मी बावीस वर्षांची असल्यापासून वाजवत आले. हात दुखले आता.”

काचेपलीकडून सोसायाने अंगठा वर केला. त्याला ते आवडले होते. याचाच तिला सर्वांत जास्त संताप आला.

घरी जाऊन तिने खेळांचा डबा टॉवेलात गुंडाळून काखोटीला मारला आणि तशीच भावाच्या घराकडे निघाली. डबा कशाला घेतला, ते वाटेत तिला स्वतःलाही धड सांगता आले नसते. आधी भांडायचे होते. पण कोणाशी? भावाशी ती उभ्या जन्मात भांडली नव्हती. भांडायचा रस्ताच बांधलेला नव्हता.

लाविनिया उद्याच्या रविवारच्या जेवणासाठी अळूची पाने निवडत मागच्या अंगणात बसली होती. नणंदेचा चेहरा पाहून तिने परात बाजूला सारली.

“वन्सं, आधी बसा. मग ओरडा.”

“तो हो म्हणाला?”

“म्हणाला.”

“हसत म्हणाला?”

“हसत?” लाविनियाने कपाळाला हात लावला. “तो पोरगा इथं येऊन सांगून गेला, की तुम्ही बसलात तर ताईंचा कार्यक्रम राहील, नाहीतर बंद. तेव्हापासून तुमचे भाऊ जेवलेत का विचारा. काल मला म्हणाले, ‘मी डोळे मिटून बसेन. कॅमेऱ्याला काय कळतंय? मला तर ऐकायची सवयच आहे.’”

पिसिला अळूच्या पानांकडे पाहत राहिली. तिच्या कार्यक्रमासाठी तो तिचा मान मोडायला निघाला होता. आणि मोडतानाही, साऱ्या जगासमोर, तो पाळणारच होता. ज्या एका चित्रपटाची त्याने जन्मभर वाट पाहिली, तो तिच्या शेजारी डोळे मिटून ऐकणार होता. पुन्हा.

“आणि तू मला आत्ता सांगतेस?”

“त्यांनी शपथ घातली होती. मी शपथ मोडली, उद्या देवळात बघून घेईन.”

पिसिलाने पिशवीतला फोन काढला. सोसायाने पहिल्याच घंटीला उचलला.

“आंटी! आजचा शेवट काय जबरदस्त—”

“सोसाया, पुढच्या शनिवारी मी येणार नाही. त्याच्या पुढच्याही नाही.”

“अहो, रागावू नका. कोच नको तर दोन खुर्च्या ठेवू. लांब लांब.”

“खुर्च्यांचा प्रश्न नाही, बाळा.”

“मग तुमचा कार्यक्रम? एवढ्या वर्षांचा?”

“सांगायचं होतं ते सांगून झालं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. कीएकीएच्या पट्ट्या तिने सारख्या केल्या. यापुढे शनिवार कसा उजाडेल, यंत्राशी काय बोलायचे, याचा विचार तिने तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

केलेपी कार्यशाळेतून तेलकट हात पुशीत आला. तिला पाहून त्याने मान खाली घातली.

“या, ताई.”

“इंजिन कोणाचं आणलंस?”

“पांगाई गावच्या बोटीचं. पाणी शिरलंय.”

“होईल नीट?”

“होईल. वेळ लागेल.”

मग पिसिला भावजयीकडे वळून, पण त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “लाविनिया, हा डबा आतल्या टीव्हीला जोड. भाचीनं तारा कशा लावायच्या ते दाखवलंय ना तुला? आणि ही चकती घाल.”

लाविनियाने चकतीवरचे चित्र पाहिले. डोंगर, होडी, घंटाघर. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही, एवढे शहाणपण तिच्याकडे होते.

“मी बसू आत? मला त्या मारामाऱ्या बघवत नाहीत, वन्सं.”

“तू डोळे मीट. पण काय झालं विचारलं, तर सांगू नकोस. त्याचं त्याला बघू दे.”

“आणि तुम्ही?”

“मला पानं निवडायचीत.”

केलेपी काहीतरी बोलायला गेला. “ताई, खोली तर तुमची—” एवढेच त्याच्या तोंडून आले. पिसिलाने परात उचलली होती. त्याने हात कोपरापर्यंत धुतले, भांग पाडला, स्वच्छ सदरा घातला आणि देवळात जावे तसा तो आत गेला.

पिसिला बाहेर भिंतीला पाठ लावून बसली. खिडकी खांद्याशेजारीच होती; मान वळवली असती तर पडद्याचा कोपरा दिसला असता. तिने वळवली नाही. चित्रपट तिला तोंडपाठ होता, तरी तो तिने असा कधी ऐकला नव्हता. नायकाचे बूट करकरत होते. वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होते. कुठेतरी एक दार होते, जे प्रत्येक वेळी जरा वेगळे वाजत होते; पाहताना हे दार तिच्या ध्यानातही आले नव्हते. मधे संगीत मऊ झाले, कोणी बोलेनासे झाले. ती समजली आणि तिने परातीत डोळे खुपसले. आत केलेपी खाकरला. मग लाविनिया खुदकन हसली, आणि त्याने तिला “गप गं” म्हटले.

ऊन अंगणातल्या मेईच्या झाडाच्या बुंध्यावर उतरले. निवडलेल्या पानांचा ढीग वाढला, न निवडलेल्यांचा ओसरला. घंटाघराच्या पायऱ्या वाजू लागल्या. पिसिलाचे हात थांबले.

गोळी सुटली. मोठा आवाज झाला. संगीत थांबले, आणि मग फक्त समुद्र.

आतून कोणी काही विचारले नाही. समुद्र बराच वेळ वाजत राहिला, आणि मग तोही थांबला. कळ दाबल्याचा बारीक आवाज झाला. पुन्हा पायऱ्या, पुन्हा गोळी, पुन्हा घंटा कोसळली.

पिसिलाने पुढचे पान घेतले आणि त्याची शीर काढू लागली. आत घंटा तिसऱ्यांदा पडत होती.