भाकरीत मोजलेला श्वास

मी एक जुना, जाड कागद आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याने आपली गोष्ट सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. मला स्वतःला श्वास नाही. पण एका बाईच्या श्वासाजवळ मी दोन वर्षे राहिलो, आणि त्याचे नवल अजून ओसरलेले नाही.

माझा जन्म रामदासपेठेतल्या एका छोट्या दवाखान्यात झाला. अंगावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे होते, बाकी मी कोरा. समोर कांताबाई बसल्या होत्या. तीस वर्षे चुलीपुढे बसून त्यांनी खानावळ चालवली होती. तो धूर फुप्फुसांत आजार होऊन राहिला. आजार जाणार नाही, पण सांभाळता येईल, असे वैभवी सिस्टरने सांगितले आणि विचारले, "दम वाढला, हे तुम्हाले घरी कशावरून समजते?"

"भाकर थापता थापता बोलणं चालू राहिलं तं मी बरी," कांताबाई म्हणाल्या. "मधातच थांबा लागलं तं काही खरं नाही."

सिस्टरने तेच लिहिले. हिरवा: भाकर थापताना बोलता येते, श्वासाच्या औषधाचा पंप रोज घ्यावा. पिवळा: एका भाकरीत थांबावे लागते, कफाचा रंग बदलतो, घरी दिलेल्या गोळ्या सुरू कराव्या, त्याच दिवशी फोन करावा. लाल: वाक्य पुरे होत नाही, लगेच दवाखाना. जिवाचे माप ज्वारीच्या पिठात सापडते, हे पाहून मी थक्क झालो.

बेसा वस्तीतल्या त्यांच्या घरी मला फ्रीजवर लावले. रोज परातीत हात गोल फिरत आणि नवऱ्याला, धोंडबाला, टोमणे सुरू राहत. "बसल्या बसल्या चौथी भाकर! पोट हाय का पोतं?" हात चालत, तोंड चाले, आणि दोन्हींच्या खालून श्वास गुपचूप येई-जाई. त्याला कोणी हाक मारत नसे. मी मात्र त्याच्याकडेच बघत राही.

मग सून दीक्षाने परात आपल्याकडे घेतली. "आई, जन्मभर केलं तुम्ही. आता बसा. मी करून राहिली ना." प्रेमानेच म्हणाली ती. कांताबाई बसल्या. बसल्या जागी दम कशाला लागेल? भाकर थापणेच संपले, तर भाकरीत थांबणार कोण? माझ्यावरचा शब्द न् शब्द शाबूत होता, आणि मी निकामी झालो होतो.

थंडी आली. खोकला दाटला. "हिवाचं होते थोडं," कांताबाई म्हणत. मला तोंड नव्हते.

एका सकाळी धोंडबाच्या हातून कपभर चहा पेपरवर सांडला. ते शिव्यांची वाट पाहत उभे राहिले. कांताबाईंनी नुसते पाहिले. धोंडबा घाबरले. चष्मा लावून माझ्यापुढे आले, बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"कांता, एक भाकर टाकतं का वं?"

"काहून?" त्या थांबल्या. "सुनेची... गोड नाही लागून राहिली?"

पण उठल्या. पीठ मळले, गोळा थापायला घेतला. अर्ध्यावर हात थांबले. पुन्हा चालले, पुन्हा थांबले. तिसऱ्या खेपेला त्यांनी मान वर करून माझ्याकडेच पाहिले.

"पिवळं हाय, गा," त्या हळूच म्हणाल्या.

दीक्षाचे डोळे भरले. "आई, तुमचं मापच मी काढून घेतलं."

"रडणं मंग कर पोरी, आधी फोन लाव," धोंडबा म्हणाले.

गोळ्या त्याच सकाळी सुरू झाल्या. लाल पट्ट्याची वेळ आलीच नाही. आठव्या दिवशी परातीत एक भाकर न थांबता गोल झाली, आणि सोबत सांडलेल्या चहाबद्दल आठ दिवसांचा थकीत टोमणा धोंडबाला एका दमात मिळाला. एवढेसे वारे आत जाते आणि त्यातून भाकर होते, भांडण होते, माया होते!

भाकरी आता रोज दीक्षाच करते, म्हणून फ्रीजवर सिस्टरने लिहिलेला नवा कागद आहे. त्यात माप गच्चीच्या जिन्याचे आहे, कारण वाळवण घालायला कांताबाई रोज तिथे जातात. मी खणात पडून असतो. थोडे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कागद असेल, तर त्याला नुसते जपू नका. त्यात लिहिलेले काम तुमचे माणूस अजून करते का, एवढे अधूनमधून बघा. करत नसेल, तर आम्हाला खुशाल खणात टाका आणि नवा लिहून घ्या.